अस्वलाच्या पडण्याची चौकशी

आपण घरी आलो तरी भिंगरी मान वर करत नाही, हे बाबांच्या लक्षात आलं तो मंगळवार होता. सोमवारीही तिने मान वर केली नसणार, पण सोमवारी बाबांनी पाहिलं नव्हतं, आणि जे पाहिलं नाही ते नोंदवायचं नाही ही त्यांच्या नोकरीतली पहिली अट होती. मंगळवारी मात्र त्यांनी दार उघडलं, चपला काढल्या, डबा ओट्यावर ठेवला, घसा खाकरला आणि परत जाऊन दार एकदा आपटूनही पाहिलं. सहा वर्षांची भिंगरी सोफ्याच्या कोपऱ्यात आईचा जुना, काचेला तडा गेलेला मोबाइल घेऊन बसली होती. मोबाइलवर एक हात प्लास्टिकची अंडी फोडत होता. अंड्यातून कधी गाडी निघे, कधी बेडूक. त्या हाताला चेहरा नव्हता, आवाज नव्हता. तरी भिंगरी त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होती, त्या नजरेने आपल्याकडे शेवटचं कोणी बघितलं होतं ते बाबांना आठवेना.

मागच्या वर्षापर्यंत ती दाराशी धावत यायची. एका जागी ठरायची नाही म्हणून तर तिला भिंगरी म्हणत. आता बसली की बसली.

बाबा बससेवेच्या आगारात, अपघात शाखेत होते. कुठे बस घासली, आदळली, कलंडली की तिथे जायचं, टेप लावून अंतरं मोजायची, चालक-वाहकांचे जबाब घ्यायचे आणि अहवाल लिहायचा. अहवालाच्या शेवटी तीन रकाने असत : कारण काय, दोष कोणाचा, पुढे काय करावे. सतरा वर्षांत बाबांनी यातला एकही रकाना मोकळा सोडला नव्हता. त्याच सवयीने त्यांनी त्या संध्याकाळचा अहवालही मनातल्या मनात लिहून टाकला. कारण : मोबाइल. दोष : मोबाइलचा. पुढे काय करावे : मुलीला वाचनाची गोडी लावावी.

भिंगरीची आई दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांच्या तक्रारी ऐकण्याच्या नोकरीत होती. त्यामुळे घरी आल्यावर ती फार थोडे शब्द वापरत असे, आणि तेही मोजून.

"लावा," ती म्हणाली.

इमारतीत अशा गोष्टी लपून राहत नाहीत. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक जिन्यातच भेटले. ते म्हणाले, "मुलांना सांगायचं नसतं हो. त्यांच्यासमोर आपण वाचत बसायचं. मूल आपोआप जवळ येतं." बाबा अकरा संध्याकाळी वाचत बसले. घरात वाचण्यासारखं एकच काही होतं, टायर-तपासणीची नियमावली. भिंगरी आपोआप जवळ आली ती नवव्या दिवशी, आणि तेव्हा बाबा पान चौतीसवर गाल टेकून झोपले होते. तिने नियमावली हळूच ओढून काढली, मोबाइल टेकवून ठेवायला तिला जाडसर काहीतरी हवंच होतं.

समोरच्या दंतवैद्य बाईंचं मत वेगळं होतं. "हळूहळू काही होत नाही. एकदम काढून घ्या. दोन मिनिटं रडते, मग विसरते. माझ्याकडे रोज बघते ना मी." बाबांनी एकदम काढून घेतला. भिंगरी दोन मिनिटं नव्हे, पावणेदोन तास रडली. चौथ्या मिनिटाला खालचे आले, दहाव्याला शेजारचे, आणि अर्ध्या तासाने स्वतः दंतवैद्य बाई आल्या व म्हणाल्या, "अहो, द्या बाई तो मोबाइल. माझा पेशंट घाबरून खुर्चीतून उतरलाय."

यानंतर बाबा वाचनालयात गेले.

वाचनालय म्हणजे एक लांबट, थंड, दिवसाही दिवे लावावे लागणारी खोली. बालविभागातली पुस्तकं घरी न्यायची तर मुलाच्या नावानेच सभासद व्हायला हवं, आणि अर्जावर अर्जदाराची स्वाक्षरी हवी.

"ती सहा वर्षांची आहे," बाबा म्हणाले.

"मग बालसभासद," देवघेवीच्या खिडकीतला कारकून म्हणाला. "सही करायला सांगा."

भिंगरीला सही म्हणजे काय ते माहीत नव्हतं. "तुझी खूण काढ," बाबांनी समजावलं. तिने चौकटीत एक मासा काढला. मासा छान होता, हसरा. कारकुनाने शिक्का मारला, कार्ड दिलं, आणि बाबांना वाटलं, जमलं.

पुस्तक नेताना नोंदवहीत पुन्हा सही करायची होती. भिंगरीने पुन्हा मासा काढला. कारकुनाने चष्मा कपाळावर चढवून अर्जावरचा मासा पाहिला, मग वहीतला.

"जुळत नाही."

"काय जुळत नाही?"

"याला तीन पर आहेत. अर्जावर दोनच."

"अहो, मासाच आहे ना तो!"

"मासा आहे. पण तोच आहे कशावरून?"

बाबांना राग यायला हवा होता. पण ते स्वतः आयुष्यभर चालकांना हेच विचारत आले होते, त्यामुळे त्यांना उत्तर सुचलं नाही. आठवडाभर घरी सराव करून घेतल्यावर पुढच्या शनिवारी ते भिंगरीला पुन्हा घेऊन गेले. तिने दोन पर काढले, मापात, आणि मग कोणी काही म्हणायच्या आत माशाच्या तोंडातून चार बुडबुडे सोडले. कारकुनाने नुसती मान हलवली. तिसऱ्या खेपेला भिंगरी म्हणाली की मासा आता मोठा झालाय, आणि चौकटीबाहेर गेला.

शेवटी ग्रंथपाल बाईंना दया आली. सौम्य, थकलेल्या बाई होत्या, उठताना टेबलाला धरून उठायच्या. "रद्द पुस्तकांचं कपाट आहे," त्या म्हणाल्या. "त्यांची नोंद नाही, त्यामुळे सही नाही. तेवीस पुस्तकं आहेत. न्यायची तर न्या. फक्त..."

"फक्त काय?"

"शेवटचं पान नाही. कुठल्याच पुस्तकाला."

त्यामागे एक पद्धत होती. पुस्तक परत करायची तारीख टाकायला शेवटच्या पानावर एक चिठ्ठी चिकटवलेली असे. ती भरली की काढून दप्तरात लावायची, असा नियम. पूर्वीच्या शिपायाने नियम पाळला होता. पण खळ त्याने स्वतः घरी शिजवून केलेली, फार घट्ट, त्यामुळे चिठ्ठीबरोबर पानही येई. बारा वर्षं त्याने अशी पानं उपसली होती आणि नीट गठ्ठे बांधून ठेवली होती. कामात हयगय म्हणून त्याच्यावर कधी ठपका आला नाही.

बाबांनी तेवीसच्या तेवीस पुस्तकं पिशवीत भरली. त्यांना वाटलं, शेवट काय, तो आपण सांगू.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी अस्वलाचं पुस्तक काढलं. अस्वलाला उंच झाडावरचं मधाचं पोळं हवं असतं. ससा शिडी आणून लावतो. अस्वल चढतं. चित्रात शिडी वाकडी झाली होती आणि खाली लिहिलं होतं, "तेवढ्यात शिडी हलू लागली आणि". पुढे फाटलेल्या पानाची दातेरी कड.

"मग?" भिंगरीने विचारलं. मोबाइल तिच्या मांडीवर होता, पण तो हात अंडं धरून थांबला होता. तिने थांबवला होता.

बाबांनी त्या दातेरी कडेवरून बोट फिरवलं. त्यांनी कल्पनाशक्ती ताणून पाहिली. सतरा वर्षांत ती कधी वापरली नव्हती. जे आलं ते असं :

"सदर अस्वल सकाळी साडेसातच्या सुमारास शिडीवर चढत असता, शिडीची तिसरी पायरी सैल असल्याचं दिसून आलं. अस्वल अंदाजे नऊ फुटांवरून खाली पडलं. डाव्या पायाला मुका मार."

"दुखलं त्याला?"

"दुखलं. चौकशी झाली. सशाचा जबाब घेतला. ससा म्हणाला, मी शिडी तपासली होती. पण शेजारच्या खारीने सांगितलं की नव्हती तपासली."

"मग दोष कोणाचा?"

हा शब्द तिने बाबांच्या फोनवरच्या बोलण्यातून उचलला असावा. बाबा एकदम सरळ बसले. "सशाचा," ते म्हणाले. "पण थोडा अस्वलाचाही. चढण्याआधी त्याने पायरी हलवून बघायला हवी होती."

"मग सशाला काय केलं?"

"लेखी समज दिली."

भिंगरी कितीतरी वेळ अस्वलाच्या चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आणखी एक."

त्या आठवड्यात ढगात गेलेली शेळी खाली आली ती वाऱ्याचा अंदाज न घेतल्यामुळे. हरवलेली बदकं सापडली, पण त्यांच्या आईला गणती न ठेवल्याबद्दल खुलासा द्यावा लागला. बाबांच्या गोष्टीत कोणी मरत नसे आणि कोणी सुखीही होत नसे. सगळे आपापल्या चुकीसह घरी जात. भिंगरीला ते फार आवडलं. गुरुवारी सहा वाजून दहा मिनिटांनी बाबांनी दार उघडलं तेव्हा ती पुस्तक घेऊन दाराशी उभी होती. बाबांनी चपला काढायला जरा जास्त वेळ घेतला, कारण वाकलं की चेहरा दिसत नाही.

आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. "जमलं की," ती म्हणाली. तिच्या हिशेबी हे भाषण होतं.

तीन आठवड्यांनी शाळेतून बोलावणं आलं.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत वर्गशिक्षिका आधीच बसल्या होत्या, डोळे लाल. घडलं होतं ते असं. एक मुलगा झोपाळ्यावरून पडला. गुडघा फुटला. भिंगरीने लगेच पाच मुलांना गोळा केलं, पट्टीने झोपाळ्यापासून बाईंच्या खुर्चीपर्यंतचं अंतर मोजलं, सगळ्यांना एकेकटं विचारलं आणि निष्कर्ष वर्गासमोर वाचून दाखवला. वाचून म्हणजे तोंडानेच. हातात कोरा कागद होता.

"काय होता निष्कर्ष?" बाबांनी विचारलं, नको असताना.

"दोष बाईंचा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "बाई मोबाइल बघत होत्या, म्हणे."

"बघत होत्या का?"

वर्गशिक्षिकेने रुमाल काढला. मुख्याध्यापिकांनी खिडकीकडे पाहिलं. "तपशील बरोबर असला तरी," त्या म्हणाल्या, "सहाव्या वर्षी हे बरं नव्हे. आता वर्गात एकही गोष्ट पुरी होत नाही. शेवटी सगळे एका सुरात विचारतात, दोष कोणाचा? तुम्ही तिला घरी नेमकं काय वाचून दाखवता?"

बाबांनी सगळं सांगितलं. सांगताना ते त्यांना कुणा दुसऱ्याच्या जबाबासारखं ऐकू येत होतं.

"खरे शेवट सांगा तिला," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पुस्तकात असतील ते."

बाहेर पडताना वर्गशिक्षिका मागून आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "तिने लेखी समज दिलीय मला. त्यावर मासा काढलाय."

खरे शेवट होते कुठे, तर वाचनालयाच्या दप्तरात. दप्तर बाहेर न्यायला मनाई, त्याची छायाचित्रं काढायला मनाई. पेन्सिलने उतरवून घ्यायला मनाई नव्हती, कारण ते कोणी मागेल असं नियम करणाऱ्याला वाटलं नव्हतं. सलग तीन शनिवार बाबा त्या थंड खोलीत बसून चिठ्ठ्यांच्या पाठीवरची पानं उतरवत राहिले. अस्वलाचं पान तिसऱ्या गठ्ठ्यात निघालं. त्यावर लिहिलं होतं, "अस्वल मऊ मऊ गवतावर पडले. ते हसले, ससा हसला, सगळे हसले!"

बाबांनी ते दोनदा वाचलं. शिडीचं काय झालं, कुठेच नव्हतं. गवत किती जाड होतं, तेही नव्हतं. त्यांच्यातल्या अपघात शाखेला हे पटेना, पण त्यांनी उद्गारचिन्हासकट उतरवून घेतलं.

भिंगरीने शेवट ऐकला. पहिल्यांदा तिला वाटलं बाबा गंमत करतायत.

"सगळे हसले?"

"हो."

"अस्वल पडलं आणि सगळे हसले?"

"मऊ गवत होतं ना."

"आणि शिडी कोणी तपासलीच नाही? उद्या दुसरं अस्वल चढेल तर?"

बाबांकडे याला उत्तर नव्हतं. असतं तर ते शाखाप्रमुख झाले असते.

"हे कोणी सांगितलं तुला?" तिने विचारलं.

"पुस्तकातच आहे असं."

भिंगरीने पुस्तक मिटलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि सोफ्याखाली सरकवलं. "मग पुस्तकं खोटी असतात," ती म्हणाली. "तूच सांग."

म्हणजे जमाखर्च मांडायचा तर असा झाला होता : मुलीला वाचनाची गोडी लावायला निघालेल्या माणसाने पाच महिन्यांत तिचा पुस्तकांवरचा विश्वास उडवला होता. वाचता तिला अजून येत नव्हतं आणि आता यावं असं वाटतही नव्हतं. पण संध्याकाळी सहा दहाला ती दाराशी असे. बाबांनी मुख्याध्यापिकांना कळवलं की खरे शेवट सांगितले आहेत. हा त्यांच्या नोकरीबाहेरचा पहिला अर्धवट अहवाल होता.

मग लांबच्या डोंगररस्त्यावर एक बस कलंडली. कोणी दगावलं नाही, पण बाराजण जखमी होते आणि चौकशीला तीन आठवडे तरी लागणार होते. बाबांचं नाव यादीत पहिलं होतं.

"आणि माझे शेवट?" भिंगरीने विचारलं. ती रडली नाही. पट्टी घेऊन ती दारापासून सोफ्यापर्यंत मोजत बसली. हे रडण्यापेक्षा वाईट होतं.

उपाय आईने काढला. "त्याच्यात भरून ठेवा," ती म्हणाली, आणि कपाटावर ठेवलेला तो तडा गेलेला मोबाइल खाली काढला.

बाबांनी कपाळाला हात लावला. "अगं, ज्याच्यासाठी एवढं केलं..."

"तीनच आठवडे."

रविवारी बाबा कपाटाला पाठ लावून बसले, आई मोबाइल धरून समोर उभी राहिली आणि तेवीस पुस्तकं एकामागून एक वाचून झाली, शेवटांसकट. मोबाइलसमोर बाबा वेगळेच झाले. घड्याळाकडे बघितलं नाही. जांभई दिली नाही. "थांब, दमलोय" म्हणाले नाहीत. अस्वलाच्या पायाला मार लागला तिथे त्यांचा आवाज खरोखरच हलला. आईने मोबाइल खाली केला आणि म्हणाली, "घरातसुद्धा असं बोलत जा की."

डोंगरात बाबा सकाळपासून उतार मोजत, जबाब घेत. संध्याकाळी फोन करत. पहिल्या आठवड्यात भिंगरी बोलली. दुसऱ्यात आईच म्हणाली, "ती कामात आहे." तिसऱ्यात एकदा भिंगरीनेच फोन घेतला, घाईघाईने.

"बाबा, नंतर कर ना. मी तुला बघतेय."

बाबा बराच वेळ तो फोन हातात धरून धर्मशाळेच्या पायरीवर बसले होते. समोर कलंडलेली बस दोरखंडाने ओढून सरळ करत होते आणि ती सरळ होत नव्हती.

परतीच्या वाटेवर त्यांनी एका दुकानातून नवं पुस्तक घेतलं. घेण्याआधी शेवटचं पान आहे का ते पाहिलं. होतं. त्यात एक रेडा चिखलात रुतला होता, आणि का रुतला, कोणी रस्ता तपासला नव्हता, हे सगळं शेवटच्या पानावर व्यवस्थित लिहिलेलं होतं. असं पुस्तक जगात असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. ते त्यांनी सबंध प्रवासात मांडीवर धरून ठेवलं.

सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी दार उघडलं.

दाराशी कोणी नव्हतं. भिंगरी सोफ्याच्या कोपऱ्यात होती. मोबाइल टायर-तपासणीच्या नियमावलीला टेकवून ठेवला होता आणि त्यातून आवाज येत होता, "सदर अस्वल सकाळी साडेसातच्या सुमारास..."

बाबांनी चपला काढल्या. पिशवी ठेवली. घसा खाकरला.

"भिंगरी, मी आलो."

"श्श," भिंगरी म्हणाली. मान वर केली नाही. "बाबा सांगतोय."

"अगं, मीच बाबा."

"माहितेय. पण हा मधेच थांबत नाही."

आई स्वयंपाकघराच्या दारात आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. बाबा सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. पडद्यावरचा माणूस न थकता, न चिडता सशाचा जबाब सांगत होता. चांगलं सांगत होता. बाबांना त्याच्यात काही खोट काढता येईना. खारीची साक्ष आली तेव्हा तर पुढे काय होतं ते बघायला तेही जरा पुढे सरकले.

"दोष सशाचा," मोबाइलमधले बाबा म्हणाले. "पण थोडा अस्वलाचाही."

"मी तुझ्यासाठी पुस्तक आणलंय," सोफ्यावरचे बाबा म्हणाले. "याला शेवट आहे. खरा. तुला पटेल असा."

भिंगरीने सुस्कारा सोडला, मोठी माणसं सोडतात तसा. पडद्यावर बोट टेकवलं. मोबाइलमधले बाबा अर्धं तोंड उघडं ठेवून थांबले. मग तिने पहिल्यांदाच मान वर केली आणि बाबांकडे पाहिलं, जबाब घेणारा माणूस समोरच्याकडे पाहतो तसं.

"बोल," ती म्हणाली. "पण लवकर. बाबा थांबलाय."

बाबांनी पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर रेडा होता, धडधाकट, रस्त्याने चाललेला. त्यांनी तोंड उघडलं. आगारातल्या तीन रकान्यांपैकी पहिले दोन त्यांना केव्हाच भरता येत होते. तिसऱ्यात काय लिहायचं ते सुचत नव्हतं, आणि मुलीचं बोट पडद्यावर वाट बघत होतं.